गळ्यातल्या चौघींस

प्रिय परावटू ग्रंथींनो,



तुमचा पत्ता लिहितानाच अडायला झालं. पुस्तकात छापलेलं असतं: थायरॉईडच्या मागच्या अंगाला, दोघी उजवीकडे, दोघी डावीकडे. वरच्या दोघी बहुतेक वेळा दिलेल्या पत्त्यावर सापडतात. खालच्या दोघींचा मात्र नेम नाही. बाळ पोटात असताना त्या थायमस ग्रंथीच्या सोबतीनं गळ्यातून खाली उतरायला लागतात. कुणी अलीकडेच थांबते, कुणी थायमसबरोबर थेट छातीत जाऊन बसते. काही माणसांत तुम्ही तिघीच असता, काहींत पाच. एकेकीचा आकार मसुराच्या दाण्याएवढा, वजन तीस-चाळीस मिलिग्रॅम, रंग पिवळसर तपकिरी, म्हणजे आजूबाजूच्या चरबीत मिसळून जाणारा. चौघींना एकत्र तोललं तरी काटा ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत जात नाही.

आमच्या परभणी जिल्ह्यात थायरॉईड सगळ्यांना ठाऊक आहे. सेलू असो की पालम, पहाटे उपाशीपोटी 'थायरॉईडची गोळी' घेणारी एक तरी बाई ओळखीत निघतेच. गळ्याला गाठ आली की लोक नांदेडला जातात, अंबाजोगाईला जातात, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जातात. ज्यांना परवडतं ते पुणे, मुंबई, हैदराबाद गाठतात. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर सांगतात, रक्तस्राव होऊ शकतो, आवाज बसू शकतो. आवाजाचं ऐकून सगळे घाबरतात. तुमचा उल्लेख 'कॅल्शियम थोडं कमी होऊ शकतं' एवढ्या एका वाक्यात उरकतो आणि नातेवाईक मान डोलावतात, कारण कॅल्शियम कमी होणं म्हणजे गुडघे दुखणं, असाच आमचा सगळ्यांचा समज.

थायरॉईड पूर्ण काढली की तिचं संप्रेरक बंद होणार, हे ठरलेलंच असतं. तो ऑपरेशनचा हिशेबातला खर्च. रोजची एक गोळी तो भरून काढते आणि माणूस आयुष्यभर धडधाकट राहतो. तुमचं तसं नाही. तुम्हाला काढायचं म्हणून कुणी सुरी हातात घेतलेली नसते. तुमची चूक एवढीच की तुम्ही शेजारी राहता. तुम्ही सोडत असलेलं संप्रेरक रक्तातलं कॅल्शियम दर डेसिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या चौकटीत धरून ठेवतं. ते हाडांतून कॅल्शियम काढून देतं, मूत्रपिंडाला कॅल्शियम वाया घालवू देत नाही, आणि ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप द्यायला त्याच मूत्रपिंडाला भाग पाडतं. रक्तात ते चार-पाच मिनिटंच टिकतं, म्हणून तुम्हाला अखंड कामावर राहावं लागतं. तुम्ही थांबलात की संप्रेरक त्याच दिवशी घसरतं. कॅल्शियम मात्र हळूहळू उतरत जातं आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान तळाला पोचतं.

मुंबई-पुण्याच्या पेशंटला हे वेळापत्रक तितकंसं नडत नाही. तो रिक्षा करून परत दवाखान्यात जातो. परभणीच्या पेशंटला नडतं, कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली की तो रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडून घरी येतो. ऑपरेशन एका गावात झालेलं असतं आणि त्याचा परिणाम दुसऱ्याच गावात, मध्यरात्री दिसतो.

माझ्या मावशीचं तसंच झालं. गंगाखेड तालुक्यातली बाई, गळ्यात बऱ्याच वर्षांची गाठींची थायरॉईड. एका मोठ्या शहरात तिची पूर्ण थायरॉईड काढली. टाके सुरेख, आवाज शाबूत, सगळे खूश. घरी आल्यावर रात्री ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटांच्या टोकांना. थोड्या वेळात दोन्ही पंजे मनगटात वाकले, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा आत ओढला गेला. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. कुणी म्हणालं लकवा, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी आहे. गंगाखेडच्या डॉक्टरांनी आधी गळ्यावरची ताजी चीर पाहिली, मग दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवला. पंजा आणखीच आखडला. त्यांनी शिरेतून अगदी सावकाश कॅल्शियम दिलं, एक हात सतत नाडीवर ठेवून. काही मिनिटांत बोटं उघडली. डिस्चार्ज कार्डावर थायरॉईडची गोळी होती, दुखण्याची गोळी होती, टाके काढायची तारीख होती. तुमच्याबद्दल अक्षर नव्हतं.

दंड आवळला की पंजा आखडतो, ही खूण फ्रेंच डॉक्टर त्रूसो यांनी १८६१ मध्ये सांगितली, म्हणजे तुम्ही माणसात सापडायच्या आधी. तुमच्या शोधाची कथा मला फार आवडते, कारण तिची सुरुवात आपल्याकडच्या एका गेंड्यापासून होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं १८३४ मध्ये एक भारतीय गेंडा विकत घेतला. तो १८४९ मध्ये मेला आणि रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं. एवढ्या अजस्र देहात त्यांना थायरॉईडला चिकटलेला एक छोटा पिवळसर गोळा दिसला आणि त्यांनी तो नोंदवून ठेवला. माणसात तुम्हाला शोधलं स्वीडनमधल्या उप्सालाच्या ईवार सँडस्ट्रॉम या विद्यार्थ्यानं. आधी १८७७ मध्ये एका कुत्र्यात, मग पन्नास माणसांच्या शवांत. त्याचा लेख एका नामांकित जर्मन नियतकालिकानं लांबीचं कारण देऊन परत केला. १८८० मध्ये तो उप्सालाच्याच वैद्यक मंडळाच्या अंकात छापून आला आणि कुणी फारसा वाचला नाही. सँडस्ट्रॉमनं १८८९ मध्ये, चाळिशीही गाठलेली नसताना, आत्महत्या केली. तुम्ही नेमकं काय करता हे त्याला कळलं नाही.

त्याच वर्षांत तिकडे सर्जन लोक तुम्हाला न ओळखता कापत होते. या पत्राचा खरा विषय इथून सुरू होतो.

व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ आणि बर्नमध्ये थिओडोर कोखर. दोघंही गलगंडाचे नावाजलेले सर्जन, नावंही सारखी. बिलरोथ संगीतातला दर्दी, ब्राम्सचा जवळचा मित्र, आणि टेबलावर झपाट्यानं हात चालवणारा. कोखर सावकाश, काटेकोर, रक्ताचा थेंबही वाया जाऊ न देणारा. दोघंही पूर्ण थायरॉईड काढत. कोखरचे रोगी काही महिन्यांनी सुजायचे, मंद व्हायचे, थंडीनं काकडायचे. मुलं असली तर त्यांची वाढ खुंटायची. बिलरोथच्या रोग्यांना हे क्वचित व्हायचं, पण त्यांचे हातपाय आखडायचे, झटके यायचे, काही दगावायचे. बिलरोथचा सहायक वोल्फ्लर यानं १८७९ च्या सुमारास हे आखडणं लिहून ठेवलं. कारण कुणालाच सांगता येईना.

उत्तर पुढे अमेरिकेच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी दिलं, आणि ते दोघांच्या हातांत होतं. कोखर इतक्या स्वच्छपणे, थायरॉईडच्या आवरणाला धरून काम करायचा की ग्रंथीचा कणही मागे राहत नसे. म्हणून त्याच्या रोग्यांना थायरॉईडच्या संप्रेरकाचा दुष्काळ पडे. पण त्याच सफाईमुळे तुम्ही जागच्या जागी, जिवंत राहत होतात. बिलरोथच्या घाईत थायरॉईडचे तुकडे मागे राहत आणि तुम्ही मात्र चिरडल्या जात होतात किंवा थायरॉईडबरोबर बाहेर जात होतात. रोग एक, काढलेली ग्रंथी एक, आणि कुठलं संप्रेरक कमी पडणार हे सर्जनच्या हाताच्या सवयीवर ठरलेलं. शस्त्रक्रियेच्या इतिहासात तंत्राच्या परिणामाचा असा ढळढळीत पुरावा मी दुसरा वाचलेला नाही. कोखरला १९०९ मध्ये नोबेल मिळालं, सर्जनला मिळालेलं ते पहिलंच. त्याच सुमारास हॉल्स्टेडच्याच रुग्णालयात, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, मॅक्कॅलम आणि फोग्टलिन यांनी दाखवून दिलं की तुम्ही गेल्यावर येणारी आकडी कॅल्शियम दिलं की थांबते.

हॉल्स्टेडनं आणखी एक काम केलं. हर्बर्ट इव्हान्स नावाच्या विद्यार्थ्याला हाताशी धरून (हाच पुढे ई जीवनसत्त्वाच्या शोधात नाव कमावणारा) त्यानं तुमच्या रक्तवाहिन्यांचा नकाशा काढला. तो १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेकीला स्वतःची एकच बारीक धमनी, आणि तिला पर्यायी वाट जवळजवळ नाही. ती धमनी बहुधा थायरॉईडच्या खालच्या धमनीची फांदी असते. म्हणजे सर्जननं तुम्हाला पाहिलं, हात लावला नाही, जागेवर ठेवलं, आणि तरीही तुमचा दोरा तोडला, तर तुम्ही डोळ्यांसमोर काळवंडता.

कित्येक सर्जन खालची धमनी तिच्या बुंध्याशीच बांधत. त्यामागे वेडेपणा नव्हता. रक्त आटोक्यात राही आणि आवाजाची नस सुरक्षित वाटे. आता शिकवलं जातं ते उलट: बुंध्याला हात लावू नका, थायरॉईडच्या अगदी आवरणाशी या आणि तिथल्या बारीक फांद्या एकेक करून बांधा, म्हणजे तुमची फांदी मागे शाबूत राहते. मग तुम्हाला रक्तवाहिनीसकट हलकेच खाली सरकवायचं. बुंधा बांधल्यानं खरंच किती फरक पडतो यावर अभ्यासांचं एकमत नाही, काहींत तो दिसतच नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं. पण आवरणाशी काम करणारा सर्जन मुळात तुम्हाला शोधत असतो, आणि माझ्या मते अर्धा फायदा त्या शोधण्याचाच आहे. आवाजाची नस आणि खालची धमनी जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या साधारण सेंटीमीटरभर वर, नसेच्या मागच्या बाजूला, तुमच्यातली वरची असते. खालची नसेच्या पुढच्या बाजूला. हे तोंडपाठ असलेला सर्जन आणि 'दिसल्या तर दिसल्या' म्हणणारा सर्जन, दोघांच्या पेशंटच्या बोटांत चौथ्या दिवशी फरक पडतो.

उष्णतेनं रक्तवाहिन्या बंद करणारी यंत्रं आली. झटपट, रक्त कमी. पण त्यांची धग बाजूला काही मिलिमीटर पसरते, आणि काही मिलिमीटर म्हणजे तुमचं अख्खं घर. यंत्र वाईट नाही. तुमच्या शेजारी ते चालवण्याची घाई वाईट.

तरीही एखादी जाते. कधी थायरॉईडच्या आवरणात रुतलेली असते, कधी वाचवूनही काळी पडते. त्यावरही उपाय आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. काढलेली थायरॉईड बाटलीत घालण्याआधी ती उलटून नीट पाहायची. एखादी चिकटून आली असेल तर ती मिलिमीटरभराच्या तुकड्यांत कापायची आणि मानेच्या स्नायूत खिसा करून ठेवून द्यायची. काही आठवड्यांत तिथं नव्या रक्तवाहिन्या येतात आणि ती पुन्हा कामाला लागते. तुमच्या या चिवटपणाला माझा दंडवत.

नवलाईची गोष्टही आहे. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की डोळ्याला न दिसणाऱ्या निकट-अवरक्त प्रकाशात तुम्ही स्वतःहून चमकता, थायरॉईडपेक्षा जास्त. २०११ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि आता त्यावर चालणारे कॅमेरे मोठ्या रुग्णालयांत आहेत. पण ही चमक तुम्ही आहात एवढंच सांगते, तुम्हाला रक्त पोचतंय की नाही ते नाही. रक्त तोडल्यावरही तुम्ही चमकत राहता. रक्तपुरवठा पाहायला शिरेतून हिरवा रंग सोडावा लागतो. यातलं काही नसलं तरी डोळ्यांवर भिंगांचा चष्मा, चांगला दिवा आणि वेळ एवढ्यावर हे काम होतं. त्यातला वेळच सगळ्यांत दुर्मिळ.

आणि सराव. अमेरिकेतल्या सुमारे सतरा हजार ऑपरेशनांच्या २०१७ मधल्या एका अभ्यासात असं निघालं की वर्षाला पंचवीसहून अधिक वेळा पूर्ण थायरॉईड काढणाऱ्या सर्जनच्या पेशंटना गुंतागुंत कमी होते. आमच्याकडे पेशंट विचारतो, खर्च किती, टाके किती, सुट्टी कधी. 'डॉक्टरसाहेब, वर्षाला अशी किती करता?' हे विचारायची जीभ रेटत नाही. उद्धटपणा वाटतो. कापूस विकताना काट्याकडे टक लावून बघणारा मानवतचा शेतकरी इथं मात्र खाली मान घालून सही करतो.

सगळ्यांत मोठं तंत्र मात्र सुरीच्या आधीचं आहे: किती काढायचं? अर्धीच थायरॉईड काढली तर दुसऱ्या बाजूच्या दोघींच्या वाटेला कुणी जात नाही, आणि तुमच्या संप्रेरकाची कायमची टंचाई जवळजवळ होत नाही. पूर्ण काढली तर चौघी पणाला. कर्करोगासाठी मानेच्या मधल्या भागातल्या लसीका गाठी काढाव्या लागल्या, तर खालच्या दोघींचा धोका आणखी वाढतो. जिथं गरज आहे तिथं हे करावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता मानेची सोनोग्राफी भलत्याच कारणासाठी होते आणि दाण्याएवढी गाठ सापडते. दक्षिण कोरियात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. सरसकट तपासण्यांमुळे १९९३ ते २०११ या काळात थायरॉईडच्या कर्करोगाचं निदान पंधरापट झालं. त्यानं मरणाऱ्यांची संख्या मात्र होती तिथंच राहिली. ऑपरेशन झालेल्या पंधरा हजारांहून अधिक लोकांचा हिशेब लावला तेव्हा शंभरातल्या अकरांमध्ये तुमचं काम उणावलेलं निघालं. २०१४ मध्ये हे छापून आलं आणि त्यानंतर तिथली ऑपरेशनं झपाट्यानं घटली. परभणीत सोनोग्राफीची केंद्रं वाढताहेत, ही चांगलीच गोष्ट. पण ही कोरियाची कथा रिपोर्ट घेऊन धावणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी सांगायला हवी.

तुम्ही दुखावलात तरी बहुतेक वेळा परत येता. काही आठवडे, काही महिने, आणि मग रक्तात तुमची चाहूल लागते. निष्णात हातांत कायमचं नुकसान शंभरात एक-दोघांचं. ज्यांचं होतं, त्यांचं सहा महिने-वर्षानंतर 'कायमचं' म्हणून लिहिलं जातं. त्यांच्यासाठी थायरॉईडच्या गोळीसारखी सोपी सोय नाही. कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून तीन-तीनदा, सोबत कॅल्सिट्रायॉल. आमच्या मेडिकलवाल्याकडे ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची पुडी सहज मिळते आणि लोक तीच नेतात. पण त्या पुडीतल्या जीवनसत्त्वाला कामाचं रूप द्यायला तुमचाच हुकूम लागतो. तुम्हीच नाही, तर ती पुडी एकटी पुरत नाही. कॅल्सिट्रायॉल म्हणजे ते कामाचं रूप तयारच दिलेलं. हे कुणी समजावून सांगत नाही. शिवाय गोळ्या जास्त झाल्या तर कॅल्शियम मूत्रपिंडात साठतं, खडे होतात; कमी पडल्या तर पुन्हा मुंग्या, आकडी, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर तरुण वयात मोतीबिंदू. मोतीबिंदूच्या शिबिरात चाळिशीची बाई आली आणि तिच्या गळ्यावर जुनी आडवी चीर दिसली, तर डोळ्याच्या डॉक्टरांनी एकदा कॅल्शियम तपासायला सांगावं.

परभणीत २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. तिथली पोरं शवविच्छेदनाच्या टेबलावर तुम्हाला शोधतील आणि सापडला नाहीत म्हणून वैतागतील. सँडस्ट्रॉमलाही पन्नासातल्या काही शवांत तुम्ही चौघी सापडल्या नव्हतात. या पोरांतली काही पुढे सर्जन होतील, जास्त जण जिंतूर, पाथरी, सोनपेठला दवाखाना टाकतील. मला या दुसऱ्यांचीच जास्त आशा आहे. मध्यरात्री आखडलेला हात त्यांच्याच दारात येणार आहे. अंगात आलंय, नाटक करतेय, फिट आलीय, असं घरच्यांनी सांगितलं तरी ते आधी गळा बघतील.

आणि मोठ्या शहरातल्या सर्जनांकडे, तुमच्या वतीनं, एकच मागणं. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी वाढवा. चौघींपैकी किती दिसल्या, किती जागेवर राहिल्या, किती स्नायूत ठेवल्या. ऑपरेशननंतर तुमचं संप्रेरक किती भरलं. ते फार खाली असेल तर पेशंटला देवगिरीत बसवण्याआधी कॅल्शियम सुरू करा आणि मुंग्या आल्या तर काय करायचं ते मराठीत लिहून द्या. ज्या सर्जनला या दोन ओळी लिहायच्या आहेत, त्याला टेबलावर तुम्हाला मोजावंच लागेल.

कळावे, लोभ असावा.

ता. क. मावशीच्या चौघींपैकी किती उरल्या ते कधी कळलं नाही, पण कुणीतरी उरली असणार. आठ महिन्यांनी कॅल्सिट्रायॉल सुटलं. कॅल्शियमची एक गोळी अजून आहे. ती आणि थायरॉईडची गोळी एकदम घ्यायची नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायचं, हे तिला पक्कं सांगितलंय. थायरॉईडची पहाटे नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभरानं, कॅल्शियमची दुपारच्या भाकरीसोबत. चहाच्या तासाभराबद्दल ती अजून कुरकुर करते.